पाटल्या मोडायच्या की नाही?

या महिन्यात तीन पत्रं निवडली आहेत. तिन्ही एमएसबद्दलची, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसबद्दलची, ज्यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते. त्यातली दोन एकाच उपचाराभोवती, टाकीत दाबाखाली ऑक्सिजन देण्याभोवती, फिरणारी. नव्या वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये २२ वर्षं विज्ञान शिकवलं, आणि २००१ पासून हा आजार माझ्याच अंगात मुक्कामाला आहे. औषधांविषयी या सदरात जे छापून येतं, ते आधी माझ्या न्यूरॉलॉजिस्टच्या नजरेखालून गेलेलं असतं.

प्रश्न

ताई, सप्रेम नमस्कार. माझ्या पत्नीचं वय ३४. सहा वर्षांपूर्वी तिच्या डाव्या डोळ्यासमोर धुकं आलं, तिथून हे सुरू झालं. पुढच्या वर्षी चतुर्थीला गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधून स्टुलावरून उतरली आणि उजवा पाय उचलेना. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, एमआरआय झाला आणि एमएसचं निदान झालं. गेली तीन वर्षं फिंगोलिमॉडची कॅप्सूल रोज चालू आहे. मोठा झटका आलेला नाही, पण पाय ओढतो, आणि दुपारचं जेवण झालं की अंगातलं बळ कुणीतरी काढून नेल्यासारखी पडून राहते.

माझ्या मेहुण्याने मुंबईतल्या एका सेंटरची माहिती आणली आहे. टाकीत बसवून दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देतात. ४० बैठका, एका बैठकीचे ३,५०० रुपये. फोनवरचा माणूस म्हणाला, मेंदूतल्या झोपलेल्या पेशी जाग्या होतात, आणि तेवढे दिवस चालू गोळी बंद ठेवली तर गुण लवकर येतो. पत्नी म्हणते, आईने दिलेल्या पाटल्या मोडूया. तिला नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायचा धीर होत नाही. तुम्ही स्वतः हा उपचार घेतला होता असं ऐकलं. जे असेल ते स्पष्ट सांगा.

— एक वाचक, डिचोली

उत्तर

आधी तातडीचं. कॅप्सूल बंद करू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही नको. एवढं पत्नीला आत्ता वाचून दाखवा, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

फिंगोलिमॉड रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींना लसिकाग्रंथींत कोंडून ठेवतं. त्यामुळे त्या मेंदूपर्यंत पोचून मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडू शकत नाहीत. औषध एकदम थांबवलं की कोंडलेल्या पेशी बाहेर पडतात. काही रुग्णांना त्यानंतर आलेला झटका औषध सुरू होण्याआधीच्या कुठल्याही झटक्याहून मोठा होता, आणि त्यातून आलेलं पांगळेपण पुरतं गेलं नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये याचा जाहीर इशारा दिला होता. दुसरं असं, की १४ दिवसांहून जास्त खंड पडला तर पुन्हा सुरू करताना पहिल्या दिवसासारखं सहा तास दवाखान्यात बसवून नाडी आणि ईसीजी बघावा लागतो, कारण पहिल्या डोसाला नाडी मंदावते. तुमच्या पत्नीचा तो पहिला दिवस तुम्हाला आठवत असेल. ४० बैठका म्हणजे आठवड्याला पाच धरल्या तरी आठ आठवडे. तेवढे दिवस ही कॅप्सूल बंद ठेवा असं ज्याने फोनवर सांगितलं, त्याला ती काय करते हे माहीत नाही, किंवा माहीत असून त्याने सांगितलं नाही. दोन्हीपैकी काहीही असो, त्याच्या हातात बायकोला देऊ नका.

आता माझं. हो, मी हा उपचार घेतला. २००८ चा मार्च महिना, गोव्याबाहेरचं एक मोठं शहर, २० बैठका. पैसे पीएफमधून काढले. मुलीची दहावीची परीक्षा त्याच महिन्यात होती आणि मी घरी नव्हते. ते मला अजून बोचतं. तेव्हा मी एक दिवसाआड इंटरफेरॉनचं इंजेक्शन टोचून घेत होते. पावसाळ्यात वीज गेली की ती इंजेक्शनं बर्फाच्या डब्यात ठेवून रात्र काढायची. एवढं करूनही वर्षात दोन झटके आले होते. 'बघूया, थांबूया' हे शब्द मला ऐकवत नव्हते. कुणीतरी आजच्या आज काहीतरी करावं असं वाटत होतं. तुमच्या पत्नीला आज तसंच वाटत असणार, म्हणून तिला वेडी म्हणू नका. मेहुण्यालाही नाही.

टाकीतली सकाळ कशी असते ते सांगते. केसांना तेल नाही, तोंडाला पावडर नाही, अंगावर त्यांनी दिलेला सुती झगा. घड्याळ, मोबाइल, केसांच्या पिना बाहेरच्या ट्रेमध्ये. मंगळसूत्रही काढायला लावलं तेव्हा मी ते रुमालात बांधून ह्यांच्या खिशात घातलं. आत सहा जण, समोरासमोरच्या बाकांवर, बाजूला बोटीसारखी गोल खिडकी. दार लागलं की हवा भरायला लागते आणि आतली हवा तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं नळकांडं गरम होतं, तसंच. कितीतरी मुलांच्या प्रयोगवहीत मी ते वाक्य तपासलं होतं, आणि आता त्या नळकांड्याच्या आत बसले होते. कानात दडे बसतात. बाहेरून माइकवर सांगत राहतात, आवंढा गिळा, जांभई द्या. दाब दोन वातावरणांएवढा झाला, म्हणजे समुद्रात १० मीटर खाली गेल्यासारखं झालं, की मास्क चढवायचा. रबराचा वास आणि आपल्याच श्वासाचा आवाज. ९० मिनिटं.

माझ्यासमोर रोज सांगलीकडचे एक गृहस्थ बसायचे. मधुमेहामुळे टाचेची जखम चार महिने भरत नव्हती आणि पाय कापायचं बोलणं झालं होतं. ड्रेसिंगच्या वेळी मी दोनदा ती जखम पाहिली. पहिल्या आठवड्यात कडा काळ्या आणि तळ मेलेल्या मासळीसारखा राखाडी. चौथ्या आठवड्यात तळाशी लाल, ओलसर, जिवंत मांस. त्यांचा पाय राहिला. तेव्हा हा उपचार थोतांड आहे असं मी कधीच म्हणणार नाही. जिथे रक्त पोचत नाही तिथे ऑक्सिजन पोचवायचा असेल, तर ही टाकी खरंच काम करते. मधुमेहाच्या काही जखमा, धुराने झालेली कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, गॅस गँगरीन, रेडिएशनने जळालेल्या भागाचं न भरणारं दुखणं, यांना ती जगभर वापरतात.

कसं होतं तेही समजून घ्या. साध्या हवेत १०० मिलिलिटर रक्तात साधारण २० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. तो जवळपास सगळा हिमोग्लोबिनला चिकटलेला. रक्ताच्या पाण्यात नुसता विरघळलेला असतो फक्त ०.३ मिलिलिटर. हिमोग्लोबिन आधीच भरलेलं असतं, त्यावर आणखी चढत नाही. पण दाब वाढवला की वायू द्रवात जास्त विरघळतो, आणि तीन वातावरणांच्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला तर तो आकडा ६ मिलिलिटरच्या आसपास जातो. ॲमस्टरडॅममध्ये बुरेमा नावाच्या सर्जनने १९६० च्या सुमारास डुकरांच्या रक्तातल्या जवळजवळ सगळ्या लाल पेशी काढून टाकून त्यांना अशाच टाकीत, नुसत्या विरघळलेल्या ऑक्सिजनवर जिवंत ठेवून दाखवलं. म्हणजे यंत्र खरं, विज्ञान खरं. एमएसमध्ये मात्र दुखणं ऑक्सिजनच्या तुटवड्याने सुरू होत नाही. तिथे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर तुटून पडते. तिला ऑक्सिजन जास्त दिला म्हणून ती हात आखडता घेत नाही.

मला गुण आला का? मला बरं वाटलं. परत आले तेव्हा शेजारच्या वयनीने विचारलं, "कशें दिसता गो?", म्हणजे कसं वाटतंय, आणि मी मनापासून सांगितलं, "बरें दिसता." त्यात खोटं काही नव्हतं. पण बरं वाटणं आणि बरं होणं यांत फरक आहे, आणि तो मला माझ्याच वहीने दाखवला. सोप्याच्या पायरीपासून तुळशीपर्यंत माझी १९ पावलं होतात. शाळेच्या क्रीडादिनाचं स्टॉपवॉच घेऊन मी ते अंतर दर रविवारी सकाळी सातला मोजत असे. जाण्याआधी ३८ सेकंद. आल्यावर ३०. सहा आठवड्यांनी ३९. त्या ३० चं मला केवढं अप्रूप होतं! नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कळलं, की त्या महिन्यात मी स्वयंपाक केला नव्हता, शाळेचे जिने चढले नव्हते, एसी खोलीत दुपारची झोपत होते, आणि रोज सकाळी पाच माणसं माझी वाट बघत होती. शिवाय जानेवारीतला झटका आपसूकच ओसरत आला होता. सेंटरने मात्र त्या ३० सेकंदांचं श्रेय टाकीला दिलं आणि आणखी २० बैठका घ्या म्हणाले. दोन वर्षांनी मडगावला तीन महिने फिजिओथेरपी केली तेव्हा ३१ आले, आणि व्यायाम चालू होता तोवर टिकले.

एका बाईची वही म्हणजे पुरावा नव्हे, हे मी विज्ञानाची बाई म्हणून जाणते. एमएसचा झटका येतो आणि पुष्कळदा आपोआप ओसरतो, त्यामुळे त्या काळात जे काही घेतलं असेल, काढा, नवस, टाकी, त्याला यश मिळतं. म्हणूनच दोन गट लागतात, आणि कोण कुठल्या गटात आहे ते रुग्णालाही कळता कामा नये. तसे प्रयोग झाले आहेत. १९८३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये न्यूयॉर्कचा एक अभ्यास आला आणि त्याने जगभर आशा पेटवली. ४० रुग्ण घेतले होते. एका गटाला दोन वातावरणांच्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन. दुसऱ्या गटालाही तोच दाब, तेच कानाचे दडे, पण वायूत फक्त १० टक्के ऑक्सिजन, बाकी नायट्रोजन. दुप्पट दाबाखाली १० टक्के म्हणजे तुमच्याआमच्या साध्या हवेएवढाच ऑक्सिजन झाला. किती सुंदर रचना आहे बघा! शेवटी ऑक्सिजनवाल्या १७ पैकी १२ जणांत सुधारणा दिसली, दुसऱ्या २० पैकी एकात. सेंटरवाले अजून हाच अभ्यास दाखवतात. मलाही याचीच झेरॉक्स दिली होती.

पुढची पानं मात्र त्या झेरॉक्समध्ये नव्हती. तोच प्रयोग इतरांनी करून पाहिला. १९८५ साली 'लॅन्सेट'मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा, १२० रुग्णांचा अभ्यास आला. फायदा दिसला नाही. लघवी-शौचाचा ताबा थोडा सुधारल्यासारखा वाटतो असं काही जण म्हणाले, एवढंच. १९८६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ८४ रुग्णांचा आला. तिथेही काही नाही. २००४ साली कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात असे नऊ प्रयोग, एकूण ५०४ रुग्ण, एकत्र तपासले. दोन प्रयोग बाजूने, सात विरुद्ध, आणि निष्कर्ष असा की एमएससाठी हा उपचार नेहमीच्या वापरात आणावा असं काही हाती लागत नाही. एफडीएने २०१३ मध्ये, टाकीच्या नावाने ज्या आजारांवर गुण येतो म्हणून सांगितलं जातं पण सिद्ध झालेलं नाही, त्यांची यादी लोकांसाठी काढली. त्यात एमएस आहे. मी हे सगळं २००९ नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तर मुलीच्या परीक्षेला घरी असते.

त्रासाचंही सांगायला हवं, कारण फोनवर 'शुद्ध ऑक्सिजनच तर आहे' असं सांगतात. २०२१ च्या मे महिन्यात आपण गोव्यात ऑक्सिजनसाठी जे भोगलं, त्यानंतर हा शब्द आपल्याला देवाच्या नावासारखा वाटतो. पण जास्त दाबाखाली तो औषध असतो आणि औषधासारखाच मोजून घ्यावा लागतो. कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. दूरचं दिसणं काही आठवडे धूसर होतं. क्वचित फिट येते. फुप्फुसाचा काही आजार असेल तर धोका वाढतो. आणि आग. मिलानमध्ये १९९७ साली अशा टाकीत आग लागून ११ माणसं गेली. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात २०२५ च्या जानेवारीत पाच वर्षांचा एक मुलगा गेला. तेलाचा, पिनांचा, सुती झग्याचा नियम त्यासाठी असतो. हल्ली घरी आणून ठेवायच्या कापडी, फुगवायच्या पिशव्याही विकायला आल्या आहेत. त्यांतला दाब तर या अभ्यासांतल्या दाबाच्या जवळपासही जात नाही. त्यांच्याबद्दल वेगळं काही लिहीत नाही.

तुमच्या पत्नीचे दोन त्रास आहेत, ओढणारा पाय आणि दुपारची गळून जाण्याची वेळ. दोन्हींवर करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि पाटल्या मोडायची पाळी येत नाही. पायासाठी मज्जासंस्थेच्या रुग्णांची सवय असलेला फिजिओथेरपिस्ट गाठा, आणि त्याला एएफओबद्दल विचारा. पोटरीमागून तळपायाखाली येणारा हलका प्लास्टिकचा पट्टा असतो तो. पायाचा चवडा जमिनीवर घासत असेल तर पहिल्याच दिवशी फरक कळतो. मी माझा जुन्या चपलेत बसवून घेतला, नव्या बुटासाठी थांबले नाही. थकव्यासाठी आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि लघवी तपासून घ्या, आणि रात्री झोप लागते का, लघवीला किती वेळा उठते, हे विचारा. एमएसचा थकवा असतोच, पण आपल्याकडे बायकांचं हिमोग्लोबिन आठ-नऊवर असतं आणि तोही थकवा एमएसच्या नावावर खपून जातो. एवढं करून पाय बिघडतच असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा, ही कॅप्सूल पुरते आहे का? नवा एमआरआय काय सांगतो? १९९३ मध्ये पहिलं इंटरफेरॉन आलं तेव्हा या आजाराला एकच औषध होतं. आज पुष्कळ आहेत, काही सहा महिन्यांतून एकदा शिरेतून द्यायची. औषध बदलणं हा खरा रस्ता असू शकतो. फक्त ते बदलणारे हात न्यूरॉलॉजिस्टचे हवेत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे, तेव्हा यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेची चौकशी त्याबरोबरच होईल. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून आहे, त्यांच्याशीही बोला. मला सोबत सगळ्यात जास्त मिळाली ती पणजीच्या पर्पल फेस्टमध्ये, दिव्यांगांच्या महोत्सवात, २०२३ च्या जानेवारीत. एका दुपारी आम्ही चार एमएसवाल्या एका बाकावर बसलो आणि दोन तास कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. टाकीतल्या त्या पाच माणसांनी मला जे दिलं होतं, ते हेच.

पत्नीला 'नाही' असं तोडून सांगू नका. पाटल्या तिच्या आईच्या आहेत. त्या मोडायला ती तयार झाली आहे म्हणजे ती किती थकली आहे ते ओळखा. तिला विचारा, या ४० बैठकांनंतर तुला काय करता यायला हवं आहे? तिने 'माटोळी बांधायची आहे' म्हटलं, तर त्या एका गोष्टीसाठी फिजिओकडे जा आणि चतुर्थीपर्यंतचे महिने मोजा. दर रविवारी, एकाच वेळी, तिचीही पावलं मोजून ठेवा. मला पुन्हा लिहा, आकडे पाठवा. मी वाट बघते.

प्रश्न

माझा धाकटा भाऊ ग्रँड आयलंडला पर्यटकांना डायव्हिंग शिकवतो. मागे एकदा तो खोलवरून घाईने वर आला आणि तासाभरात त्याचे दोन्ही पाय बधिर झाले. त्याला दाबाच्या टाकीत ठेवलं आणि तो आठवड्यात चालायला लागला. माझ्या मावशीचे पाय एमएसने गेले आहेत. पाय दोघांचेही गेले होते, दोघांचीही इजा पाठीच्या कण्यातली. मग त्याला गुण येतो आणि तिला का नाही?

— एक वाचक, वास्को

उत्तर

तुमच्या प्रश्नात चूक काहीच नाही. हाच प्रश्न स्कॉटलंडमधल्या डंडीच्या डॉ. फिलिप जेम्स यांना पडला होता. ब्रिटनजवळच्या उत्तर समुद्रातल्या (नॉर्थ सी) तेलविहिरींवर काम करणारे पाणबुडे त्यांच्या पाहण्यात होते, आणि पाणबुड्यांच्या मज्जारज्जूची इजा एमएससारखी दिसते हे त्यांनी हेरलं. १९८२ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये मांडलं की एमएसही रक्तातल्या चरबीच्या बारीक गुठळ्यांनी होत असावा. त्याच साली डंडीत रुग्णांनी स्वतः पैसे उभे करून टाकी बसवली, आणि ब्रिटनमध्ये तशी केंद्रं पसरली. ती आजही चालतात, आणि तिथे जाणारी माणसं खोटं बोलत नाहीत.

पण तुमच्या भावाच्या अंगात झालं होतं ते असं. खोलवर दाबाखाली नायट्रोजन रक्तात विरघळला, आणि तो घाईने वर आल्यावर गोटी सोड्याची बाटली फोडावी तसे त्याचे बुडबुडे झाले. ते मज्जारज्जूत अडकले. टाकीत दाब दुप्पट केला की बुडबुडा निम्मा होतो, आणि शुद्ध ऑक्सिजन घेतल्याने नायट्रोजन श्वासावाटे निघून जातो. म्हणजे टाकीने कारणच काढून टाकलं. मावशीच्या मज्जारज्जूत बुडबुडा नाही, आणि गुठळ्यांची कल्पनाही पुढे टिकली नाही. तिथे वर्षानुवर्षं आवरण झिजत गेलं आहे, आणि आतले तंतूही. २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून जास्त जवानांच्या नोंदींवरून दिसलं की एप्स्टाइन-बार या विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो. लागण बहुतेक सगळ्यांनाच होते आणि एमएस फार थोड्यांना, हे खरं. पण शोध आता त्या वाटेने चालला आहे.

भावाला सांगा, वर येताना घाई करू नको. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात ही विद्या आहे, पण तिथवर पोचेपर्यंतचे तास पाठीच्या कण्याला महाग पडतात.

प्रश्न

मी २६ वर्षांची, गेल्या वर्षी निदान झालं. एप्रिलपासून गरम पाण्याने न्हाल्यावर किंवा बसस्टॉपवर उन्हात उभं राहिल्यावर उजव्या डोळ्याचं दिसणं फिकं पडतं, पाय कापसासारखे होतात. अर्ध्या-पाऊण तासाने परत येतं. प्रत्येक वेळी वाटतं, नवा झटका आला. आई रडायला लागते. दर वेळी बांबोळीला धावायचं का?

— एक वाचक, केपे

उत्तर

नाही गं. याला नाव आहे, आणि जुनं आहे. जर्मनीतल्या उथॉफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १८९० मध्ये हे लिहून ठेवलं. आवरण गेलेल्या तंतूतून संदेश कसाबसा जात असतो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशानेही वाढलं तरी तो अडखळतो, गार झालं की पुन्हा जातो. यात नवीन इजा होत नाही. हे आईला मोठ्याने वाचून दाखव. मलाही टाकीत हवा तापली की पाय जड व्हायचे, आणि तेव्हा मला त्याचं कारण कुणी सांगितलं नव्हतं. मी समजत होते, दाबाने काहीतरी बिघडतंय.

झटका ओळखायचा तो असा: नवा त्रास, किंवा जुनाच वाढलेला, २४ तासांहून जास्त टिकला आणि अंगात ताप नाही, तर डॉक्टरांना फोन. ताप असेल तर आधी लघवीची तपासणी, कारण लघवीच्या जंतुसंसर्गाचा ताप जुनी लक्षणं उकरून काढतो आणि तो औषधाने उतरतो.

न्हाणं कोमट पाण्याने, आणि न्हाणीघरात प्लास्टिकचा स्टूल ठेव, उभी राहून न्हाऊ नकोस. बाहेर पडताना सुती पंचा ओला करून, पिळून, डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलेला असू दे. तो मानेभोवती घेतला की केप्याच्या बसस्टॉपवरची वीस मिनिटं निघतात. बर्फाचं पाणी घोट घोट पी. मे महिन्यात आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे नुसता पंखा पुरत नाही. अंगावर ओलं कापड आणि त्यावर पंखा, असं हवं. देवळात जायचं तर सकाळी सहाला जा. आणि शेवटची कदंब बस चुकली तरी चालेल, भर दुपारी धावून पकडू नकोस.